शंभरपैकी किती?

बोधात्मक वर्तन उपचार, म्हणजेच सीबीटी, ही बोलून करायची उपचारपद्धती असली तरी तिचे मुख्य साधन कागद आहे. त्यावर रकाने आखलेले असतात: प्रसंग, त्या क्षणी मनात आलेला विचार, भावना आणि भावनेपुढे एक आकडा. भीती शंभरपैकी किती? हा प्रश्न दर सत्रात इतक्यांदा येतो की काही आठवड्यांनी पेशंट तो स्वतःच स्वतःला विचारू लागतो. उपचाराला तेच हवे असते.

पद्धतीचा उगम अमेरिकेतला. न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचाराची मांडणी केली. मनोविश्लेषण शिकलेले फिलाडेल्फियाचे डॉ. आरन बेक यांना 1960च्या दशकात पेशंटच्या स्वप्नांपेक्षा त्याच्या मनात सरकन येऊन जाणारे विचार मोलाचे वाटू लागले. मराठी वाचकांना एलिस परके नाहीत. डॉ. अंजली जोशी यांनी त्यांच्यावर ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी लिहिली, आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990मध्ये सुरू केलेल्या ‘आयपीएच’ या मानसिक आरोग्याच्या संस्थेने ही विचारपद्धती लोकांपर्यंत नेली.

प्रौढांसोबतचे काम कसे चालते, हे एका नेहमीच्या प्रसंगावरून कळते. साहेबांनी नमस्काराकडे लक्ष दिले नाही. ‘आता नोकरी गेलीच’, हा विचार. चिंता 85. उपचारक धीर देत नाही, उलटतपासणीही घेत नाही. नोकरी जाणार याला पुरावा काय, विरुद्ध पुरावा काय, आणि साहेब त्या वेळी फोनवर होते का, एवढेच विचारतो. दोन्ही बाजू कागदावर उतरल्या की पुन्हा तोच प्रश्न: आता किती? उत्तर अनेकदा 50 असते. पन्नास म्हणजे शून्य नव्हे, आणि शून्याचे आश्वासन इथे कोणी देत नाही. ‘सगळे छान होईल’ हे वाक्यही पुराव्याच्या रकान्यात टिकत नाही. सकारात्मक विचारांच्या व्याख्यानांपासून ही पद्धत वेगळी पडते ती इथेच.

सत्र साधारण 50 मिनिटांचे, आठवड्यातून एकदा. बहुतेकांना 12 ते 20 सत्रे लागतात. आठवड्यात तास असतात 168. त्यातला एकच तास उपचारकासमोर जात असेल, तर खरा उपचार उरलेल्या 167 तासांत व्हायला हवा. म्हणून गृहपाठ. नैराश्यातल्या माणसाला ‘उत्साह आला की फिरायला जा’ असे सांगत नाहीत. सकाळी सात वाजता दहा मिनिटे चालायचे, परतल्यावर मनःस्थितीला आकडा द्यायचा. आधी कृती, मग उत्साह. पुढचे सत्र सुरू होते ते गृहपाठाच्या कागदापासून, आणि तो कोरा असला तर कोरा का राहिला, यापासून.

लहान मुलांना शंभराची पट्टी जड जाते. त्यांच्यासाठी कागदावर थर्मामीटर काढतात आणि भीती जिथवर चढली असेल तिथवर मूल लाल खडू फिरवते. चिंताग्रस्त मुलांसाठी फिलिप केंडल यांनी आखलेल्या ‘कोपिंग कॅट’ या कार्यक्रमात 16 सत्रे असतात. कुत्र्याला घाबरणाऱ्या मुलाची शिडी अशी: आधी कुत्र्याचे चित्र, मग खिडकीतून दिसणारा कुत्रा, मग साखळीने बांधलेला, दहा पावलांवरचा. त्या दहा पावलांवर मूल आईचा पदर घट्ट धरते आणि आईचे हात त्याला उचलायला पुढे येतात. नेमके तेव्हाच तिला थांबायला सांगतात. उचलले की रडणे थांबते, पण ‘पळालो म्हणून वाचलो’ हा धडा पक्का होतो. खडूचा लाल रंग आपोआप खाली उतरेपर्यंत नुसते उभे राहणे, हे साऱ्या उपचारातले बहुधा सर्वांत अवघड काम, आणि ते आईच्या वाट्याला येते.

किशोरवयीन मुले बहुतेकदा स्वतःहून येत नाहीत, आणली जातात. त्यामुळे आईवडिलांना काय सांगायचे आणि काय नाही, हे पहिल्याच भेटीत ठरवावे लागते. जिवाला धोका असेल तर मात्र घरच्यांना सांगितले जाते.

आता उपचारालाच तो ‘शंभरपैकी किती?’ हा प्रश्न विचारावा. चिंतेच्या विकारांवरच्या 2008च्या अमेरिकी अभ्यासात 7 ते 17 वयाची 488 मुले होती. बारा आठवड्यांनी सीबीटीने शंभरपैकी सुमारे 60 मुलांत ठळक सुधारणा दिसली, औषधाने 55, दोन्ही मिळून 81 आणि औषधासारख्या दिसणाऱ्या निष्प्रभावी गोळीने 24. किशोरांच्या नैराश्यावरच्या 2004च्या अभ्यासात मात्र नुसती सीबीटी 43वर थांबली, निष्प्रभावी गोळी 35वर. हा फरक ठोस म्हणण्याजोगा नव्हता. औषधाची जोड मिळाल्यावर आकडा 71 झाला. तीव्र नैराश्यात किंवा आत्महत्येचे विचार येत असतील तेव्हा कागद-पेन्सिलीवर विसंबू नये, मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक सरकारी आणि विनामूल्य आहे.

सीबीटीसाठी कोणाकडे जायचे ठरले, तर पहिल्या भेटीत एक विचारून घ्यावे: घरी काय करायचे? ज्याच्याकडे याचे उत्तर नाही, तो कदाचित चांगला श्रोता असेल. पण तो करतो ती सीबीटी नव्हे.