अंगणातील मातीची भट्टी

अन्न भाजण्याची विद्या आपल्या देशात फार प्राचीन आहे. राजस्थानातील कालिबंगन येथील उत्खननात घराघरांतून मातीच्या भट्ट्या आढळल्या. मारवाडातून व्यापारानिमित्त महाराष्ट्रात आलेल्या कुटुंबांनी बाटीची चवही सोबत आणली. ज्यांच्या घरी अंगण किंवा शेतातला वाडा आहे, त्यांनी घुमटाकार मातीची भट्टी अवश्य बांधून पाहावी. तिचे वैशिष्ट्य असे, की अन्न आत ठेवण्यापूर्वीच निखारे बाहेर काढले जातात. पुढचे सारे काम भिंतींत साठलेली उष्णता करते. एकदा गुंतविलेल्या भांडवलावर दिवसभराचा व्यवहार चालावा, तसाच हा प्रकार आहे.

जागा आणि माती

घराच्या भिंतीपासून व वाळल्या गवतापासून दूर, सुमारे ७५ सेंटिमीटर उंचीचा ओटा बांधावा. म्हणजे वाकावे लागत नाही. त्यावर वाळूचा जाड थर पसरून भाजक्या विटा सांध्याशिवाय घट्ट बसवाव्यात. हाच भट्टीचा तळ.

काळी माती वाळताना आक्रसते व भेगाळते, म्हणून ती टाळावी. कुंभाराकडील चिकणमाती उत्तम. चुलीसाठी वारुळाची माती पूर्वापार नावाजलेली आहे. परंतु वारूळ हे असंख्य जिवांचे घर आहे, त्याला हात लावू नये. एक भाग माती व दोन ते तीन भाग चाळलेली वाळू थोड्या पाण्यात तुडवून एकजीव करावी. तिचा गोळा कमरेइतक्या उंचीवरून टाकावा. तो पसरला तर पाणी अधिक झाले, फुटून विखुरला तर माती किंवा पाणी कमी पडले असे समजावे.

घुमट

विटांवर ओल्या वाळूचा ७० सेंटिमीटर व्यासाचा, ४० सेंटिमीटर उंचीचा ढीग रचून त्यावर ओले वर्तमानपत्र लावावे. त्यावर तयार मातीचा ७ ते ८ सेंटिमीटर जाडीचा थर चढवावा. तोंडाची उंची घुमटाच्या आतील उंचीच्या सुमारे ६३ टक्के, म्हणजे येथे २५ सेंटिमीटर ठेवावी. तोंड याहून उंच असल्यास उष्णता निसटते, फार ठेंगणे असल्यास धूर कोंडतो. थर आपला भार पेलण्याइतका कडक झाल्यावर तोंड कापून आतील वाळू अलगद काढावी. बाहेरून पातळ चिकणमातीत कालवलेल्या गव्हाच्या भुशाचा जाड लेप द्यावा. हा लेप उष्णता धरून ठेवतो. वाळण्यास कित्येक दिवस द्यावेत व आरंभी लहान विस्तव करावा. पावसापासून रक्षणासाठी वर छप्पर हवेच.

भाजणी

भट्टीत कीटक, पाली आसरा घेतात. म्हणून एरवी तोंडावर लाकडी झाकण ठेवावे आणि पेटविण्यापूर्वी आतील जागा व प्रत्येक लाकूड उजेडात पाहून, हलक्या हाताने पुसून घ्यावे. पोखरलेले लाकूड वापरू नये. चातुर्मासात जीवोत्पत्ती अधिक, तेव्हा भट्टी बंद ठेवणेच श्रेयस्कर.

सकाळी दोन-तीन तास विस्तव केल्यावर आतील काजळी जळून घुमट उजळ दिसू लागतो. तेव्हा निखारे काढून तळ पुसावा व चिमूटभर पीठ टाकून पाहावे. ते तत्काळ काळे पडले तर थोडे थांबावे. हळूहळू बदामी झाले तर बाट्या आत ठेवून तोंड बंद करावे. बाट्यांनंतर, ताप उतरल्यावर, नानकटाई. तीही निघाली की मंद उष्णतेत शेंगदाणे. खमीर न वापरणाऱ्या घरांनाही यातील प्रत्येक पदार्थ चालतो. दुपारी भाजणी संपते आणि सूर्यास्तापूर्वी सारे कुटुंब निवांतपणे एकत्र भोजन करू शकते.

गॅसच्या शेगडीवर एकेका पदार्थासाठी पुन्हा पुन्हा अग्नी पेटतो. येथे अग्नी एकदाच पेटतो, तोही पाहून, पारखून. अंगणातील या साध्या बांधकामातून घरातील मुलांना काटकसर आणि जयणा हे दोन्ही संस्कार उपदेशाविना मिळतात.