उमरेडला वाघ नाही दिसला, मग काय पाहिलं?

मागच्या हिवाळ्यात उमरेड-कऱ्हांडल्याला जाऊन आलो, त्याबद्दल आज बोलू. नागपूरपासून तास-सव्वा तासाचा रस्ता. २०१२ साली जाहीर झालेलं, सुमारे १८९ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य. 'जय' वाघामुळे त्याचं नाव देशभर झालं आणि २०१६ साली जय दिसेनासा झाला, तरी लोक वाघासाठीच येतात. मीही त्यातलाच.

सफारीत वाघ काही दिसला नाही. पवनीच्या बाजूला एका घरगुती मुक्कामी राहिलो होतो. तोंड पाडून परतलो तर तिथले काका म्हणाले, "वाघ काय रोज दिसते का जी? सकाळी बोडीकडं जाऊन पाहा, पाखरंच पाखरं असते."

बोडी म्हणजे धानाच्या पाण्यासाठी बांधलेला छोटा तलाव. पूर्व विदर्भात असे तलाव शेकड्यांनी आहेत. मोठ्यांना मालगुजारी तलाव, म्हणजे 'मामा तलाव' म्हणतात. भंडाऱ्याकडे ते बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा.

आता गंमत बघा. पावसात तलाव भरतो. पुढे धानाला पाणी हवं म्हणून पाळीतलं तुडूम, म्हणजे पाणी सोडायची तोटीच म्हणा, उघडतात. पाणी उतरत जातं, उथळ काठ नि चिखल उघडा पडतो. नेमके तेव्हाच उत्तरेकडचे पाहुणे येतात! चिखलात तुतवार, घोटाभर पाण्यात लांब तांबड्या पायांचा शेकाट्या, कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी, मधल्या खोल पाण्यात वारकरी. (हो, पक्ष्याचंच नाव. काळा अंगरखा, कपाळावर पांढरा टिळा.) अडई नि हळदी-कुंकू बदकं वनस्पतींच्या आडोशाला. प्रत्येकाची खोली ठरलेली, त्यामुळे एकाच काठावर दोन तास कसे गेले कळलंच नाही.

दुसऱ्या सकाळी शेजारच्या गावातल्या तलावावर गेलो. पाणी जास्त, पक्षी मात्र जवळपास नाहीत. दोन पाणकावळे, बस्स. यंत्रानं गाळ काढताना काठ भिंतीसारखा उभा कापला होता. उथळ भागच उरला नाही, तर चिखल कुठून येणार नि तुतवार उभा कुठं राहणार? दुसऱ्या टोकाला बेशरम माजलेली. गाळ काढूच नये असं मी म्हणत नाही, शेतकऱ्याला पाणी हवंच. पण एक बाजू उतरती ठेवली तर दोघांचंही भागतं. हे मी काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "आमच्या बोडीचं काम यंदाच निघणार हाये." ग्रामसभेत हा मुद्दा मांडतो म्हणाले. काय झालं ते फोन करून विचारणार आहे.

तुम्ही जाणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी, उजाडायच्या आत. उमरेडजवळचा मकरधोकडा तलावही बघा. आणि दुर्बीण न्या, मी मोबाइलवर भागवलं आणि पस्तावलो.