गल्ला भरला म्हणजे कमाई झाली?

सरकारी श्रमबल सर्वेक्षणानुसार 2023-24 मध्ये देशातले 58 टक्के कामकरी स्वयंरोजगारात होते. नवी मुंबईतले भाजीवाले, रिक्षाचालक, गाडीवर वडापाव विकणारे त्यांतलेच. त्यांच्या कमाईबद्दल छातीठोक बोलणारे मात्र बहुधा पगारदार असतात.

गैरसमज 1 : दिवसभराचा गल्ला हीच कमाई.

वस्तुस्थिती : समजा, एका बाईंनी पहाटे तुर्भ्याच्या एपीएमसी घाऊक बाजारातून 3000 रुपयांची भाजी उचलली, नेरुळला पाटी लावली आणि रात्री गल्ला 4000 झाला. वरच्या हजारातून हमाली आणि टेम्पोचे 250, पिशव्या आणि चहा-नाश्त्याचे 100 वजा करा. राहिले 650. भांडवल उसनं असेल तर व्याज वेगळंच. चेन्नईतले भाजी-फळविक्रेते सकाळी घेतलेल्या उधारीवर रात्री सुमारे 4.7 टक्के व्याज देत असल्याची नोंद अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी केली आहे. त्या दराने 3000 वर रोजचे 140 जातात आणि हातात 510 उरतात. मेथी-कोथिंबीर सुकली तर गल्लाच घटतो, खर्च मात्र तेवढाच राहतो.

गैरसमज 2 : जो जास्त राबतो, तो जास्त कमावतो.

वस्तुस्थिती : स्टेशनबाहेर संध्याकाळचे तीन तास मिळाले, तर आतल्या सेक्टरमधल्या दिवसभराच्या फेरीपेक्षा जास्त विक्री होऊ शकते. पण तीच जागा उद्या मिळेल याची खात्री नसते. पालिकेने गाडी उचलली की मालही गेला आणि दिवसही. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात यावर उपाय आहेत. सर्वेक्षण करून विक्री प्रमाणपत्र द्यायचं, शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे घ्यायचे आणि जप्त केलेला नाशवंत माल, शुल्क भरल्यावर, त्याच दिवशी परत करायचा. जागेची ही शाश्वती जिथे प्रत्यक्षात मिळते, तिथेच कष्टाला भाव येतो.

गैरसमज 3 : भाडेवाढ झाली की रिक्षावाल्याची चांदी.

वस्तुस्थिती : 1 फेब्रुवारी 2025 पासून मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचं किमान भाडं 23 वरून 26 रुपये झालं. पण कमाई ठरते ती दिवसभरात भाडी किती मिळाली यावर. राज्याने 2017 मध्ये परवान्यांवरची मर्यादा उठवली. रिक्षा वाढल्या की स्टँडवरची रांग लांबते, रिकामं बसणं वाढतं. त्यात रिक्षा दुसऱ्याची असेल तर भाडी मिळोत न मिळोत, मालकाला रोजचे ठरलेले पैसे द्यावेच लागतात. सीएनजीचे पैसेही चालकाच्याच खिशातून.

गैरसमज 4 : कर्ज दिलं की धंदा वाढतोच.

वस्तुस्थिती : पथविक्रेत्यांसाठी 2020 मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी कर्ज योजनेत आता 15,000, 25,000 आणि 50,000 रुपये असे तीन टप्पे आहेत. सावकाराचं चढं व्याज सुटलं, तर तेवढे पैसे थेट कमाईत जमा होतात. पण भांडवल कोणाच्या हाती राहतं, हेही महत्त्वाचं. श्रीलंकेत छोट्या व्यावसायिकांना अनुदान देऊन झालेल्या अभ्यासात भांडवलावर महिन्याला सुमारे पाच टक्के परतावा दिसला. बायकांच्या धंद्यात मात्र सरासरी काहीच नाही. पुढे भारत, श्रीलंका आणि घानाची आकडेवारी एकत्र तपासल्यावर उलगडा झाला. ज्या घरात नवऱ्याचाही धंदा होता, तिथे बाईच्या नावचा पैसा तिकडे वळत होता. घरात एकच धंदा आणि तो बाईचा असेल, तर परतावा पुरुषांइतकाच होता.

गैरसमज 5 : धंदा करणारे हौसेने त्यात पडतात.

वस्तुस्थिती : काही जण जरूर पडतात. पण नोकरी सुटली, कंत्राट संपलं की पाटी किंवा हातगाडी हाच थोड्या पैशांत उघडणारा मार्ग असतो. त्यामुळे एकाच पदपथावर एकच भाजी विकणारे वाढतात आणि गिऱ्हाईक तेवढंच राहतं. कोणाचंही कौशल्य कमी न होता प्रत्येकाचा वाटा घटतो. म्हणूनच विक्रेत्याची कमाई वाढवायची तर हक्काची जागा आणि स्वस्त भांडवल लागतं, तसंच शहरात पुरेशा बऱ्या नोकऱ्याही लागतात.