नव्या पदवीधरांचें मृत्तिकाकला-प्रदर्शन

मृत्तिकाकलेची पदवी ज्या दिवशीं हातीं येते, त्याच दिवशीं विद्यालयाची भट्टी सुटते. चित्रकारास खोलीचा कोपराहि पुरतो. मातीच्या कलावंतास मात्र १००० ते १३०० अंश सेल्सिअस तापणारी भट्टी हवी, आणि घडविलेलें मांडण्यास जागाहि हवी. ती त्यानें कोठून आणावी?

इंग्लंडांतील स्टोक-ऑन-ट्रेंट हें कुंभारकामाचें जुनें नगर. तेथें २००९ सालापासून दर दोन वर्षांनीं मृत्तिकाकलेचें प्रदर्शन भरतें. त्यांतील 'फ्रेश' नांवाचा विभाग मुख्यत्वेंकरून नव्या पदवीधरांसाठीं असतो. २००८ सालीं बंद पडलेल्या स्पोड कारखान्याच्या आवारांतच २०११ सालीं तें भरलें. जेथें जुन्या कारागिरांचें काम सुटलें, तेथेंच नवशिक्यांस लोकांपुढें उभें राहतां आलें.

विद्यार्थिमित्रांनीं व पालकांनीं ध्यानांत ठेवावें कीं, कला शिकविणें जितकें अगत्याचें, तितकेंच शिकलेल्यास पहिली संधि देणेंहि अगत्याचें आहे, असें आम्हांस वाटतें.