कोकणकडा : मागे सरणारी भिंत

पाचनईची वाट चढून हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर यावं, मंदिर आणि केदारेश्वराचं लेणं मागे टाकून पश्चिमेकडे चालत राहावं. गवताळ सपाटी आता संपेल असं वाटतही नाही, आणि ती एकदम संपते. कड्याच्या काठाशी पालथं पडून खाली पाहिलं की छातीत धस्स होतं. कातळ पायाखालून आत वळलेला, नागाच्या फण्यासारखा. हजार मीटरहून खोल, खाली बेलपाड्याची भातखाचरं.

ठाणे, पुणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या शिवेवरचा हा कोकणकडा. बेलपाड्यातून वर पाहणाऱ्याला सह्याद्री आभाळाला टेकलेला डोंगर वाटतो. देशावरून येणाऱ्याला मात्र घाटमाथा कधी आला तेही कळत नाही. दोघांचंही दिसणं खरं आहे, कारण सह्याद्री हिमालयासारखा घड्या पडून उंचावलेला पर्वत नव्हे. ती दख्खनच्या पठाराची तुटलेली कड आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. असे कित्येक थर साचले. आज त्यांतलं जे उरलं आहे, तेच पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे. कोकणकड्यावरचे आडवे पट्टे म्हणजे याच थरांच्या कडा. पुढे भारताची भूमी आणि आजची सेशेल्स बेटं एकमेकांपासून दुरावली, मधे समुद्र शिरला. पनवेलच्या परिसरात लाव्ह्याचे थर पश्चिमेकडे झुकलेले आढळतात. त्या ताटातुटीच्या काळातल्या हालचालींशी भूशास्त्रज्ञ त्यांचा संबंध जोडतात.

भूगर्भाने कड तोडली, पण तिला इथवर आणलं पावसाने. पठाराची मूळ कड पुष्कळ पश्चिमेला होती. पोकळ्यांनी भरलेला मऊ थर आधी झिजतो, वरचा घट्ट कातळ अधांतरी राहतो आणि एक दिवस कोसळतो. ओढे भेगा शोधून त्या रुंदावतात. बेलपाड्यातून वर येणारी नळीची वाट ही अशीच एक घळ आहे. असं करत करत कडा पूर्वेकडे सरकत आला. मागे राहिलेले तुकडे अजून उभे आहेत: माहुली, मलंगगड, माथेरान. त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत कोकणातली गावं वसली आहेत.

कोकण आणि पठार यांची ही ओढाताण पाण्याच्या वाटांतही दिसते. गडावरची मंगळगंगा मुळेला मिळते. ते पाणी प्रवरेतून गोदावरीत जाऊन, सारा दख्खन ओलांडून, बंगालच्या उपसागराला पोचतं. कड्यावरून पलीकडे पडलेला थेंब काळू आणि उल्हास नद्यांतून शंभरेक किलोमीटरवरच्या अरबी समुद्रात जातो. इतक्या थोड्या अंतरात एवढी उंची उतरणारं पाणी जोमाने कातळ कापतं. म्हणून कोकणातल्या नद्या पठार कुरतडत राहतात.

पावसाळ्यात ढग याच भिंतीला धडकून वर उसळतात. ऊन पाठीशी आणि धुकं समोर असेल, तर आपल्याच सावलीभोवती इंद्रधनुष्याचं पूर्ण कडं उमटतं. हेच ते इंद्रवज्र.

पण तोच पाऊस ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर दरड घेऊन आला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. सह्याद्रीचं झिजणं ही संपलेली कथा नाही. डोंगर कापून रस्ता काढताना, उताराच्या पोटाशी घर बांधताना हे ध्यानात ठेवायलाच हवं.

अकोले तालुक्यातल्या राजूरहून पाचनईला जाता येतं. तिथून गडाची वाट सर्वांत सोपी. माळशेज घाटाजवळच्या खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट लांबची. हा अभयारण्याचा भाग आहे, तेव्हा कचरा मागे ठेवू नका. ओल्या कातळावर काठापासून दूर राहा. तुम्ही जिथे उभे असाल, तो कडाही एक दिवस कोकणात उतरणार आहे.