रक्षण म्हणजे ताबा नव्हे

मागच्या वेळी आपण ‘संमती’ या कल्पनेबद्दल बोललो. तेव्हा शेवटी मागच्या रांगेतून एक प्रश्न आला होता : घरातलंच माणूस छळत असेल, आणि ज्याचा छळ होतोय तो वयाने, आजाराने किंवा अपंगत्वाने परावलंबी असेल, तर कायदा त्याच्यासाठी काय करतो? आज त्याविषयी बोलू.

आधी एक गोष्ट पक्की करू. असा माणूस दुबळा असेल, पण तो मूल नव्हे. त्याला वाचवायचं, पण त्याचा निर्णयाचा हक्क काढून घ्यायचा नाही. हे भान सुटलं, की एका नातेवाइकाच्या मुठीतून सुटलेला माणूस दुसऱ्याच्या मुठीत जातो.

आता दोन उदाहरणं घेऊ. दोन्ही कल्पित आहेत, पण तुम्हाला ओळखीची वाटतील. पहिल्यात एक सत्तरीच्या आजी आहेत. मुलाने “शेवटपर्यंत सांभाळतो” म्हणून फ्लॅट बक्षीसपत्राने नावावर करून घेतला. आता शिव्या, धक्काबुक्की, कधी खोलीला बाहेरून कडी.

इथे पहिला मार्ग म्हणजे आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा २००७ चा कायदा. साठी पूर्ण केलेल्यांना तो लागू होतो. अर्ज प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरच्या न्यायाधिकरणात करायचा. स्वतः जाता येत नसेल तर दुसऱ्या व्यक्तीला किंवा संस्थेला अधिकार देता येतो. न्यायाधिकरण आपणहूनही दखल घेऊ शकतं. दरमहा निर्वाह खर्च मिळतो. मूळ कायद्यात त्याची कमाल मर्यादा १०,००० रुपये आहे.

याच कायद्याचं २३वं कलम महत्त्वाचं. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. मात्र हस्तांतरण कायदा लागू झाल्यानंतरचं हवं. आणि ‘अट होती’ हे दाखवावं लागतं, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये भर दिला. जानेवारी २०२५ च्या निकालात याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावायला सांगितलं. तरी माझं सांगणं एवढंच, की बक्षीसपत्र करणारच असाल तर सांभाळाची अट त्यातच स्वच्छ लिहून घ्या.

दुसरा मार्ग २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा. तो फक्त बायकोसाठी आहे असा आपल्याकडे समज आहे. तसं नाही. एकाच घरात राहणारी आई, बहीण, विधवा नणंद, कोणीही स्त्री दाद मागू शकते. पैसे अडवणं हासुद्धा त्यात छळच आहे. न्यायदंडाधिकारी मुलाला त्रास देण्यापासून रोखू शकतात, घराबाहेर राहायलाही सांगू शकतात. मारहाण किंवा कोंडून ठेवणं हा गुन्हा तर आहेच. जिवाला धोका असेल तर आधी ११२.

इथे सावधही राहायला हवं. सासू-सासऱ्यांच्या अर्जाआडून सुनेला बेघर करण्याचे प्रयत्नही होतात. दोन्ही कायदे एकत्र वाचावेत, सुनेचा निवासाचा हक्क सरसकट डावलू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे.

आता दुसरं उदाहरण. पंचेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ, बौद्धिक अपंगत्व असलेले. निराधार योजनेचं अनुदान खात्यात येतं आणि थोरला भाऊ ते परस्पर काढतो. यांना जेवायला धड मिळत नाही. साठी झालेली नाही, पुरुष आहेत, म्हणजे वरचे दोन्ही मार्ग बंद. इथे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा कामी येतो. त्याच्या ७व्या कलमानुसार कोणीही, अगदी शेजारीसुद्धा, कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतो. आपल्याकडे तहसीलदाराला हे अधिकार असतात. सुटका, संरक्षण, निर्वाह यांचे आदेश ते देऊ शकतात.

“मग सरळ पालक नेमून टाकू,” असं कोणी म्हणेल. तिथेच थांबा. याच कायद्याचं १४वं कलम मर्यादित पालकत्वाचं आहे : ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून. पालकाने तिच्या जागी नव्हे, तिच्यासोबत निर्णय घ्यायचा. शिवाय १३वं कलम सांगतं, की ज्या व्यवहारात मदतनिसाचा आणि त्या व्यक्तीचा हितसंबंध परस्परविरोधी असेल, त्या व्यवहारातून मदतनिसाने बाजूला व्हायचं. आपल्या उदाहरणातला भाऊ इथेच अडतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी त्या माणसाशी एकट्याने बोला, छळणारा खोलीत नसताना. त्याला काय हवंय ते विचारा. पुष्कळदा आजींना मुलाला तुरुंगात पाठवायचं नसतं. फक्त दाराची कडी आतून लावता यायला हवी असते, पासबुक स्वतःपाशी हवं असतं. मग त्याला पुरेल असा सर्वांत हलका मार्ग निवडा. तारखा, औषधाच्या चिठ्ठ्या, बँकेच्या नोंदी जपून ठेवा. स्त्रियांना आणि दिव्यांगांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

वाचवणारा आणि बळकावणारा, दोघेही “तुझ्या भल्यासाठी” हेच शब्द वापरतात. फरक ओळखायचा एकच मार्ग आहे : कोण त्या माणसाला विचारतो, आणि कोण विचारत नाही. इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.