गिटनं कुठल्या फाइल्सकडे बघायचंच नाही, हे ठरवतं कोण?

जुलै उजाडला की कोल्हापुरात गुड मॉर्निंगच्या आधी एक प्रश्न येतो, "पाणी किती फुटावर?" राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ चा ऑगस्ट बघितलेल्यांना तर जरा जास्तच.

मागच्या पावसाळ्यात मी रोजची पातळी एका सीएसव्ही फाइलीत भरत होते. सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा, राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, बस्स. पायथॉनची छोटीशी स्क्रिप्ट त्याचा ग्राफ काढायची आणि मी तो इन्स्टा स्टोरीला टाकायचे. सगळं गिटमध्ये ठेवलेलं होतं, म्हणजे सुरक्षित. निदान माझा तसा समज होता.

एका रात्री फोल्डरमध्ये फारच पसारा झाला म्हणून मी एक कमांड चालवली. गिट क्लीन, पुढे एफ, डी, एक्स. पसारा गेला. सीएसव्हीपण गेली. म्हटलं हरकत नाही, गिटहबवर आहे. बघितलं तर गिटहबवर स्क्रिप्ट होती, रीडमी होती, आकडे नव्हते. कधीच नव्हते.

झालं असं होतं की, प्रोजेक्ट सुरू करताना मी नेटवरून एक 'इग्नोर' फाइल उचलून जशीच्या तशी चिकटवली होती. त्यात खाली कुठेतरी एक ओळ होती, '*.सीएसव्ही'. एवढ्या एका ओळीमुळे गिटनं पूर्ण पावसाळा माझ्या आकड्यांकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं.

(फाइलीत ही नावं अर्थातच रोमन अक्षरांत लिहायची असतात. इथं वाचायला सोपं म्हणून देवनागरीत.)

आता ज्यांचा कोडिंगशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाऊ.

गिट म्हणजे फाइल्सच्या बदलांची वही. कोणी, कधी, कुठली ओळ बदलली हे सगळं त्यात नोंदवलं जातं आणि जुन्या नोंदीवर कधीही परत जाता येतं. लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सनं ते एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतलं. गिटहब ही त्या वह्या ऑनलाइन ठेवायची जागा. या दोन गोष्टी एकच आहेत असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाही.

फोल्डरमधली प्रत्येक फाइल वहीत नोंदवायची नसते. त्यासाठी 'डॉट गिटइग्नोर' नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. एका ओळीत एक नाव किंवा नमुना लिहायचा. त्याला जुळणाऱ्या फाइल्स गिट बघून न बघितल्यासारख्या करतं.

मग खरा प्रश्न असा, की तुम्ही काहीच लिहिलं नाही, तर गिट स्वतःहून काय वगळतं?

उत्तर आहे, काहीच नाही. स्वतःचा डॉट गिट हा फोल्डर सोडला, तर गिटची डीफॉल्ट यादी रिकामी असते. नवीन प्रोजेक्ट सुरू केलात की गिट 'इन्फो' फोल्डरमध्ये 'एक्सक्लूड' नावाची फाइल तयार करून देतं. तिच्यात सी भाषेच्या प्रोजेक्टसाठी दोन नमुने सुचवलेले असतात, पण तेही टिप्पणी म्हणून. हवे असतील तर तुम्ही ते सुरू करायचे. गिटहबवर नवी रिपॉझिटरी बनवतानाही इग्नोरच्या ड्रॉपडाउनमध्ये आधी कुठलाच साचा निवडलेला नसतो.

हे आळशीपणाचं वाटतं. दर प्रोजेक्टला तीच ती यादी का लिहायची? टेम्पररी फाइल्स, मॅकची 'डॉट डीएस स्टोअर', विंडोजची 'थम्ब्स डॉट डीबी', हे कुणालाच नको असतं. मग ते आधीच वगळून का देत नाहीत?

कारण गिटच्या आधीच्यांनी ते करून बघितलं होतं.

१९८६ मध्ये डिक ग्रुन यांनी सुरू केलेल्या सीव्हीएस या जुन्या सिस्टीममध्ये इग्नोरची भलीमोठी यादी आतच बसवलेली होती. 'डॉट बाक', 'डॉट ओल्ड', 'डॉट ईएक्सई', 'डॉट ए', 'डॉट एसओ' असं बरंच काही. त्यात एक नाव होतं 'कोअर'. युनिक्सवर प्रोग्राम कोसळला की त्या नावाची फाइल मागे राहायची, म्हणून ती कचऱ्यात धरलेली. आता सांगा, प्रोजेक्टच्या मुख्य भागाच्या फोल्डरला माणूस काय नाव देतो? कोअर! म्हणजे प्रोजेक्टचं काळीजच बाहेर राहायचं, तेही मुकाट्यानं. पुढे आलेल्या सबव्हर्जननं यादी लहान केली, पण 'डॉट ए' आणि 'डॉट एसओ' ठेवले. दुसऱ्या कंपनीकडून तयार आलेली लायब्ररी याच नावांची असते. ती प्रोजेक्टमध्ये टाकली की आपल्या मशीनवर सगळं चालायचं आणि सहकाऱ्याच्या मशीनवर काहीच नाही.

एकाच शेपटाची फाइल एका प्रोजेक्टमध्ये कचरा असते आणि दुसऱ्यात ऐवज. लेटेकमधून तयार झालेली पीडीएफ परत बनवता येते, ती वगळा. पण स्कॅन केलेल्या सातबाराची पीडीएफ वगळलीत तर ती परत कुठून बनवणार? मशीन लर्निंगवाल्याची दहा जीबीची सीएसव्ही गिटमध्ये टाकणं वेडेपणाच. माझी सीएसव्ही काही केबींची होती आणि खरं तर तीच माझा प्रोजेक्ट होती. स्क्रिप्ट तर मी परत अर्ध्या तासात लिहिली असती.

म्हणून माझ्या मते गिटची रिकामी यादी बरोबर आहे. जास्तीची फाइल आत आली तर ती निदान दिसते, कुणीतरी ओरडतं. वगळलेली फाइल दिसतच नाही.

पण थांबा. याच्या उलटा प्रकारही आहे आणि तो जास्त महागात पडतो.

आमच्या ओळखीतल्या एका ग्रुपचा इंजिनिअरिंगचा फायनल इयरचा प्रोजेक्ट होता. सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता सगळं गिटहबवर पब्लिक टाकलं आणि झोपले. त्यात 'डॉट ई-एन-व्ही' नावाची फाइल होती. पासवर्ड आणि कीज ठेवायची ही रूढ जागा. गिटहबवर नवीन काय पडलं हे चाळत बसणारे बॉट्स चोवीस तास जागे असतात. सकाळी क्लाउड कंपनीचे ईमेल आलेले, त्यांच्या खात्यावर कुणीतरी रात्रभर मोठमोठे सर्व्हर चालवत होतं. बिल बघून एकाच्या वडिलांना फोन करायची कुणाची हिंमत होईना, कारण कार्ड त्यांचं होतं. विनवण्या करून बरंचसं बिल माफ झालं, पण ते चार दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत.

विद्यार्थ्यांचं सोडा, मोठ्या कंपन्याही यात सापडल्यात. टोयोटाच्या टी-कनेक्ट सेवेचा काही सोर्स कोड एका ठेकेदारानं गिटहबवर पब्लिक ठेवला आणि त्यात सर्व्हरची की होती. डिसेंबर २०१७ ते सप्टेंबर २०२२, जवळपास पाच वर्षं ती तिथंच पडून होती. २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते त्यामुळे धोक्यात आले. उबरच्या २०१६ च्या प्रकरणात तर रिपॉझिटरी प्रायव्हेट होती. हल्लेखोर आत घुसले, तिथं क्लाउडच्या कीज सापडल्या आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. २०२१ च्या सुरुवातीला 'साकुरा सामुराई' या संशोधकांच्या गटानं भारतातल्या सरकारी वेबसाइट्सवर उघडे पडलेले डॉट गिट फोल्डर आणि ई-एन-व्ही फाइल्स शोधून दाखवल्या होत्या. म्हणजे हे काही परदेशातलंच दुखणं नाही.

मग यादीत लिहायचं काय? मी स्वतःला तीन प्रश्न विचारते.

पहिला, ही फाइल दुसऱ्या फाइल्सपासून परत बनवता येते का? मिसळीच्या कटाची कृती जपून ठेवायची, कालचा उरलेला कट नाही. जावास्क्रिप्टचा 'नोड मॉड्यूल्स' फोल्डर, पायथॉनचा 'पायकॅश', जावाच्या 'डॉट क्लास' फाइल्स हा सगळा उरलेला कट. मात्र 'पॅकेज लॉक' वगळू नका. ती मशीननं बनवलेली असली तरी नेमकी कुठली आवृत्ती वापरली हे तिच्यातच लिहिलेलं असतं. यावर तज्ज्ञांचंही मत बदलतं बरं का. रस्ट भाषेत लायब्ररीची लॉक फाइल वगळा असा सल्ला बरीच वर्षं होता, तो २०२३ मध्ये त्यांनी मागे घेतला.

दुसरा, यात गुपित आहे का? असेल तर पहिल्या कमिटच्या आधी ते यादीत गेलं पाहिजे. इथं तयार साच्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. वीट नावाच्या लोकप्रिय टूलच्या साच्यात (शब्द फ्रेंच आहे, आपल्या विटेशी संबंध नाही) '.लोकल'नं संपणाऱ्या फाइल्स वगळलेल्या असतात, साधी डॉट ई-एन-व्ही नाही. जँगोमध्ये तर गुप्त की थेट सेटिंग्जच्या फाइलीत येते आणि ती फाइल गिटमध्ये लागतेच. तिथं की बाहेर काढण्याशिवाय इलाज नाही, नुसती इग्नोर फाइल काय करणार?

तिसरा, हा कचरा प्रोजेक्टचा की माझा? 'डॉट डीएस स्टोअर' माझ्या मॅकमुळे येते, प्रोजेक्टमुळे नाही. असल्या गोष्टींसाठी गिटमध्ये एक वैयक्तिक यादी ठेवता येते, 'कोअर एक्सक्लूड्सफाइल' या सेटिंगनं. ती तुमच्या मशीनवरच्या सगळ्या प्रोजेक्ट्सना लागू होते आणि दुसऱ्यांच्या यादीत तुमच्या एडिटरचा पसारा जात नाही. हे मला तीन वर्षं माहीतच नव्हतं.

गिटहबवर बऱ्याच भाषांचे तयार साचे आहेत आणि ते चांगले आहेत. पण वाचून घ्या. पायथॉनच्या साच्यात 'लिब' नावाचा फोल्डर वगळलेला आहे, कारण पायथॉनची पॅकेजिंगची साधनं तो बनवतात. तुम्ही स्वतःचा कोड 'लिब'मध्ये ठेवलात तर तो गेलाच.

आता काही गोष्टी, ज्या सगळ्यांनाच एकदा तरी नडतात. इग्नोरची यादी फक्त नवीन फाइल्सना लागू होते. फाइल आधीच वहीत नोंदली असेल, तर नंतर तिचं नाव यादीत टाकून काही होत नाही. 'गिट आरएम' पुढे 'कॅश्ड' असं लिहून ती नोंदीतून काढावी लागते. तसं केलं तरी जुन्या पानांवर ती राहतेच, म्हणून की एकदा बाहेर गेली असेल तर फाइल पुसत बसण्याआधी की रद्द करा. बाकी सगळं त्यानंतर. २०२४ पासून गिटहब पब्लिक रिपॉझिटरीत ओळखीच्या प्रकारच्या कीज दिसल्या तर पुश अडवतं, पण तुमच्या डेटाबेसचा साधा पासवर्ड त्याला ओळखता येईलच असं नाही.

दुसरी गोष्ट माझ्या जिव्हारी लागलेली. गिटच्या भाषेत 'इग्नोर' म्हणजे 'हात लावू नका' असं नाही, तर 'गेली तरी चालेल' असं आहे. क्लीनला एक्स जोडला की वगळलेल्या फाइल्सही उडतात. ब्रँच बदलताना त्याच नावाची फाइल तिकडे असेल, तर इकडची वगळलेली फाइल न विचारता बदलली जाते. त्यामुळे ई-एन-व्ही वगळलीत, तर तिची एक प्रत पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. क्लीन चालवण्याआधी 'एन' जोडला तर ते नुसती यादी दाखवतं, पुसत नाही.

एखादी फाइल का वगळली जातेय हे कळत नसेल तर 'गिट चेक-इग्नोर', पुढे व्ही आणि फाइलीचं नाव. कुठल्या फाइलीतल्या कितव्या ओळीमुळे ती अडली हे सरळ छापून येतं. आणि मराठी नावाच्या फाइल्स असतील तर गिट स्टेटसमध्ये नावाऐवजी आकड्यांचा गोंधळ दिसतो. 'प' या एका अक्षराचं '\३४०\२४४\२५२' होतं. फाइल बिघडलेली नसते. 'कोअर कोटपाथ' ही सेटिंग फॉल्स केली की नाव नीट दिसतं. इग्नोरच्या यादीतही मराठी नावं चालतात.

माझे आकडे स्टोरी आर्काइव्हमधल्या ग्राफवरून बघून बघून, तीन रात्री बसून परत भरले. ज्या दिवशी स्टोरी टाकली नव्हती तिथं ग्राफची रेघ तुटलेली आहे. यादीत '*.सीएसव्ही'ची ओळ अजून आहे, कारण स्क्रिप्ट मधेच चार कामचलाऊ सीएसव्ही बनवते. फक्त तिच्या खाली उद्गारचिन्ह लावून एक ओळ वाढवलीय, '!पातळी.सीएसव्ही'. उद्गारचिन्ह म्हणजे एवढीला सोड. मात्र ती फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो अख्खा फोल्डरच वगळलेला असेल, तर हे उद्गारचिन्ह काम करत नाही. हेही मला दुसऱ्या खेपेलाच कळलं.